सेर्वांदोचा नवस आणि डझनभर अंडी

आमच्या ओरमासा गावात सेर्वांदोला नावं ठेवली नाहीत असा माणूस सापडणार नाही, आणि त्यात पहिला नंबर माझा. तो माझा हक्कच आहे. गेली सत्तावीस वर्षं हा गृहस्थ माझ्या थोरल्या बहिणीशी, ओब्दुलियाताईशी, लग्न करणार आहे. बाजारात माझा मासळीचा गाळा, शेजारी ताईचा चीजचा. गिऱ्हाईक सार्डिन निवडता निवडता मला विचारतं, "काय नीव्हेसबाई, यंदा तरी भावोजी मिळणार का तुम्हाला?" मग मी सुरी जरा जास्तच जोरात चालवते.

माणूस वाईट असता तर गोष्ट सोपी होती. चार शिव्या घालून मोकळं झालो असतो. पण सेर्वांदो दारू पिऊन लोळत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही, दर रविवारी दुपारी सुतळीनं बांधलेला केकचा खोका घेऊन ताईकडे जेवायला येतो, घेवड्याच्या दाण्यांचं दाट कालवण दोनदा वाढून घेतो, भांडी घासतो आणि मैदानावर परत जातो. मैदान म्हणजे ओरमासा फुटबॉल क्लबचं मैदान. तिथलं गवत राखणं, कापणं, त्याला पाणी मारणं हे त्याचं काम. गवताशी तो बोलतो. "काय राणी, आज तहान लागली का?" असं मी या कानांनी ऐकलेलं आहे. ताईला त्यानं जन्मात कधी राणी म्हटलं नाही.

आता त्या नवसाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

टेकडीवर, समुद्राच्या तोंडाशी, आमच्या नावेवरच्या मातेचं देऊळ आहे. उन्हाळ्यात तिची जत्रा भरते. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या जत्रेत आमच्या आईनं सेर्वांदोला गाठलं आणि चारचौघांत विचारलं, "अरे, दोन वर्षं माझ्या पोरीबरोबर फिरतोयस, बोहल्यावर कधी चढणार?" सेर्वांदोच्या पोटात सफरचंदाची दारू होती आणि मागे त्याची स्वतःची आई उभी होती. ती बाई लेकाला सुनेच्या हवाली करायला जिवंतपणी कधीच तयार नव्हती. दोन आयांच्या मध्ये सापडलेला माणूस काय करणार? तो धावत गेला, मातेच्या लाकडी नावेवर हात ठेवला आणि ओरडला, "ज्या दिवशी ओरमासा पहिल्या श्रेणीत जाईल, त्याच दिवशी, अंगातला घाम वाळायच्या आत, मी ओब्दुलियाशी लग्न करीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ओरमासाचा संघ चौथ्या श्रेणीत होता. गोलकीपर दिवसा पोस्टमन होता आणि टपाल उरलं तर सामन्याला उशिरा यायचा.

नवस बोलून झाला. आमच्याकडे माणसाला दिलेला शब्द विसरतात, बायकोला दिलेला तर मुद्दाम विसरतात, पण मातेला दिलेला शब्द फिरवायची कुणाची टाप नाही. सेर्वांदोची आई वारली, आमची आई वारली, तरी नवस जागच्या जागी. ताई म्हणायची, "जाऊ दे गं, त्यानं निदान तारीख तरी दिलीय." मी म्हणायचे, "तारीख? समुद्र आटेल त्या दिवशी, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं."

आणि मग ही गोगलगायींची टोळी वर चढायला लागली.

गोगलगायी म्हणजे आमचा संघ. हे नाव आम्हाला चिडवायला पाहुण्या संघांनी ठेवलं, कारण पाऊस पडला की आम्ही जिंकतो आणि ऊन पडलं की आम्ही दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे पाऊस पोटभर. चिखलात आमची पोरं जन्मल्यासारखी खेळतात. चौथ्या श्रेणीतून तिसरी, तिसरीतून दुसरी, आणि गेल्या मोसमात दुसऱ्या श्रेणीत तिसरा नंबर. पहिले दोन संघ थेट वर गेले. उरलेल्या एका जागेसाठी तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार संघ आपसात भांडणार होते. उपांत्य फेरी आम्ही धो धो पावसात मारली.

त्या दिवशी बास्तियानच्या बारमध्ये एकच गोंधळ. बास्तियान हा बारवाला, म्हणजे गावाचं तोंड. सेर्वांदो आत शिरताच तो काउंटरवर चढला.

"या या, नवरदेव! काय घेणार? आज फुकट!"

"पाणी दे," सेर्वांदो म्हणाला.

"पाणी? अरे, तोंडचं पाणी पळालं वाटतं!"

सगळे हसले. सेर्वांदोही हसला, पण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी तिथेच होते. मी मनात म्हटलं, हा घाबरलाय. सत्तावीस वर्षं लपायला मिळालेलं बीळ आता कुणीतरी खणून काढतंय.

ताईचं वेगळंच. जिला आयुष्यभर ऑफसाइड म्हणजे काय ते कळलं नाही, ती गळ्यात हिरवा-तपकिरी मफलर गुंडाळून चीज कापायला लागली. "बेरोइसला डावीकडे कशाला ठेवतात गं? तो पोरगा मधेच बरा," असं मला सांगायला लागली. बेरोइस आमचा बचावपटू, डोंगराएवढा. मी म्हटलं, "ताई, तुला कधीपासून कळायला लागलं?" ती म्हणाली, "लग्न माझं अडकलंय, मग कळायला नको?"

अंतिम फेरीत समोर आला अल्मारेना, दक्षिणेकडचा, उन्हात भाजून निघालेला संघ. त्यांचा नंबर सहावा. तिकडे त्यांच्या गावात पहिला सामना शून्य-शून्य झाला. दुसरा आमच्याकडे, शनिवारी संध्याकाळी. आणि नियम असा, की जादा वेळ खेळूनही बरोबरीच राहिली तर पेनल्टी वगैरे काही नाही, वरच्या नंबरचा संघ वर. म्हणजे आम्हाला गोलसुद्धा मारायची गरज नव्हती. नुसतं चिखलात उभं राहायचं होतं. ते तर आमची पोरं झोपेत करतात.

फक्त पाऊस हवा होता. जूनमध्ये आमच्याकडे त्याला बोलवावं लागत नाही. बुधवारी आभाळ काळंकुट्ट होतं, आणि गाव खुशीत.

गुरुवारी ऊन पडलं. शुक्रवारी इतकं कडक ऊन, की माझ्या गाळ्यावरचा बर्फ दुपारपर्यंत टिकेना. लोक आभाळाकडे बघत रस्त्यात उभे. मी ताईला म्हटलं, "हे काय गं अवेळी?"

ताई चीज पुसत होती. पुसून झालेलं परत पुसायला लागली. मला तिचा हा हात ओळखीचा आहे.

"ताई, काय केलंस?"

"काही नाही. मठात गेले होते."

"अंडी घेऊन?"

"डझनभर," ताई म्हणाली.

मी डोक्यालाच हात लावला. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून मुलीकडचे लोक सांता क्लाराच्या मठात अंडी देतात. जोगिणी प्रार्थना करतात आणि आभाळ निरभ्र राहतं. सगळ्या मुली देतात. सामना संपला की टेकडीवर वरात न्यायची, अंगातला घाम वाळायच्या आत, म्हणून ताईनंही दिली. पण सामन्याला तोच पाऊस हवा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"वरातीत माझे केस भिजले असते गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बातमी बास्तियानला कळली, म्हणजे गावाला कळली. अर्ध्या तासात बारमधली सगळी मंडळी, ताई आणि मी मठाच्या दारात. तिथे जोगिणी दिसत नाहीत. भिंतीत लाकडाचा फिरता कप्पा आहे, तुम्ही वस्तू ठेवायची, तो फिरतो, पलीकडून आवाज येतो.

"सिस्टर," बास्तियान कप्प्यात तोंड घालून म्हणाला, "बुधवारची अंडी परत पाहिजेत."

"काय झालं? नासकी निघाली?" पलीकडून म्हाताऱ्या थोरल्या सिस्टरचा आवाज आला.

"नाही हो, अंडी चांगली आहेत. प्रार्थना थांबवा. आम्हाला पाऊस हवाय."

"ओब्दुलियाची ना ती अंडी? तिचं लग्न मोडलं की काय?"

"नाही, लग्न लागायलाच पाऊस हवाय!"

पलीकडे पावलं वाजली. मग खुसफूस. मग सिस्टर म्हणाली, "बाळा, अंड्यांचे पेढे करून विकूनसुद्धा झाले. आणि सत्तावीस वर्षं त्या मुलीसाठी आम्ही वाट बघतोय. चांगलं ऊन मागितलंय, ते चांगलंच मिळेल. जा आता." कप्पा फिरला. आत उरलेले पिवळेधमक चार पेढे ठेवलेले. बास्तियाननं रागाच्या भरात चारही खाल्ले.

आता सगळं गाव एकाच माणसाकडे बघायला लागलं. आभाळ पाणी देत नसेल तर नळी कुणाच्या हातात आहे? सेर्वांदोच्या! आणि मैदान कोरडं ठेवून सुटून जाणं कुणाच्या फायद्याचं? तेही सेर्वांदोच्याच! त्यानं काहीच केलं नसतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. सगळं खापर अंड्यांवर फुटलं असतं.

शनिवारी सकाळी मी मैदानावर गेले. सरळ भांडायलाच गेले होते. सेर्वांदो गुडघ्यावर बसून गवत चाचपत होता.

"पाणी मारणार आहेस ना?" मी विचारलं.

"बघतो, गवत काय म्हणतंय."

"गवत गेलं खड्ड्यात! माझी बहीण काय म्हणतेय ते कधी बघणार? मोकळं सांग सेर्वांदो, तुला लग्न नको असेल तर आत्ता तोंडावर सांग. तिला पायऱ्यांवर बसवून गावासमोर तिचा तमाशा करू नकोस."

तो उठला. मातीचे हात पँटला पुसले. काहीतरी बोलणार होता, पण त्याला बोलणं कधी जमलंय? "नीव्हेस, तू जा," एवढंच म्हणाला. मी गेले, पण वाटेत त्याला मनातल्या मनात सोलून मीठ लावलं.

संध्याकाळी मैदान खचाखच. ताई आणि मी तिसऱ्या पायरीवर. ताईच्या अंगात क्रीम रंगाचा पोशाख, वर मफलर. शेजारी पाद्रीबाबा, पुस्तक काखेत, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले. म्हणाले, "जिंकलो तर लगेच लावून टाकू, मला रात्री जेवायला जायचंय." मला तर धास्तीनं बियांची सालं गिळायची पाळी आली होती.

आणि सेर्वांदो पाणी मारत होता! दुपारपासून मारत होता म्हणे. एवढ्या उकाड्यात निळा डगला पायापासून गळ्यापर्यंत चेन ओढून घातलेला, घाम निथळतोय, माणूस दुप्पट फुगलेला दिसतोय, आणि नळी सोडत नाही. रेफरीनं येऊन त्याला दोनदा हाकललं. लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला. मी ताईला म्हटलं, "बघ तरी!" ताई बघतच होती.

काय सामना होता! सामना कसला, नांगरणी. मैदानाची खाचरं झालेली. अल्मारेनाचे चपळ पुढचे गडी चेंडू घेऊन पळायचे आणि चेंडू मागेच राहायचा. ताई उभी राहून ओरडायची, "बेरोइस, मधे राहा रे सोन्या, मधे!" नव्वद मिनिटं झाली, शून्य-शून्य. मध्यंतरात सेर्वांदोनं आमच्या गोलपुढे आणखी पाणी ओतलं होतं, म्हणजे पाहुण्यांचे पाय रुतावेत. जादा वेळ सुरू व्हायच्या आधी बाजू बदलल्या. सेर्वांदो धावत पलीकडे गेला आणि तिथेही ओतलं. जादा वेळाच्या मधल्या विश्रांतीत पुन्हा इकडे ओतलं. आता दोन्ही गोलांपुढे बदकं सोडायला हरकत नव्हती.

शेवटची तीन-चार मिनिटं उरली. पाद्रीबाबांनी बिया खिशात टाकून पुस्तक उघडलं. ताईनं माझा हात इतका आवळला की अंगठी बोटात रुतली. सगळं गाव देव पाण्यात घालून बसलेलं. बेरोइसकडे चेंडू आला. आसपास कुणी नाही. त्यानं, शहाण्या मुलासारखा, चेंडू मागे आपल्याच गोलकीपरकडे ढकलला.

चेंडू निघाला. आणि सेर्वांदोच्या डबक्यात येऊन थांबला.

गोलकीपर पुढे धावला, घसरला, बसला आणि बसल्या बसल्या चेंडूच्या बाजूनं पुढे निघून गेला. अल्मारेनाचा एक टकल्या, जो इतका वेळ कंबरेवर हात ठेवून दम खात उभा होता, तो चालत आला. चालत, हं. त्यानं चेंडू हळूच आत लोटला.

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. नंतर शिट्टी वाजली. संपलं.

मग मात्र लोक उठले आणि कुणीतरी ओरडलं, "मुद्दाम केलं यानं! लग्न चुकवायला केलं!" झालं. बास्तियान पुढे, मागे पन्नास माणसं, सगळी कुंपण ओलांडून नळीपाशी. ताई उठून निघाली, मीही तिच्या मागे चिखल तुडवत.

"बोल की रे आता!" बास्तियाननं त्याची गचांडी धरली. "सत्तावीस वर्षं पोरीला लटकवलंस, आज सगळ्या गावाला बुडवलंस!"

सेर्वांदोनं हातातली नळी तेवढी घट्ट धरली. बास्तियाननं त्याला गदागदा हलवलं. डगल्याची चेन हातात आली आणि खर्रकन खाली गेली.

आत काळा सूट. पांढरा सदरा, टाय. त्याच्या वडिलांचा लग्नातला सूट होता तो, आमच्या आईनं फोटोत दाखवलेला मला आठवत होता. घामानं चिंब भिजलेला. छातीवर लाल फूल खोचलेलं, चेपून पापड झालेलं.

बास्तियाननं हात सोडला. मी सकाळी त्याला काय काय बोलले ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मला रडूच फुटलं.

"मला वाटलं," सेर्वांदो म्हणाला, "जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं." आणि मग तो ताईकडे बघून म्हणाला, "ओब्दुलिया, नवस राहू दे. पाद्रीबाबा इथे आहेत, मी तयार आहे, घाम पण वाळलेला नाही. चल, आज लग्न करू."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांनी ताईकडे माना वळवल्या. पाद्रीबाबांनी पुस्तकाचं पान शोधलं. मी तर टाळ्या वाजवायला हात वर केले होते.

ताईचं नाक लाल झालं होतं. गोल झाल्यापासून ती रडत होती, आणि मला खात्री आहे, ती त्या गोलासाठीच रडत होती.

"नाही," ती म्हणाली.

"नाही?" आम्ही पन्नास जण एका सुरात म्हणालो.

"मातेला दिलेला शब्द आहे. आज मोडला तर ती आपल्याला जन्मात वर जाऊ देईल का? पुढच्या मोसमात पहिला सामना हरलो की तुम्ही सगळे माझ्याच दारात येऊन उभे राहाल. आपण वर गेल्यावरच लग्न करायचं. नियम म्हणजे नियम."

"ताई, तुला वेड लागलंय का?" मी किंचाळले.

"आणि तो सूट काढ," ती सेर्वांदोला म्हणाली. "चिखलाचा डाग आत्ताच धुतला नाही तर निघणार नाही."

तो तिथेच, गोलच्या खांबाआड उभा राहून, सूट उतरवून डगला घालून आला. ताईनं सूट हातावर घेतला, टाय खिशात घातली आणि चालायला लागली. अंगात क्रीम पोशाख, पायाला चिखल, गळ्यात मफलर. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. बास्तियाननं तर टोपी काढली.

सूट दुसऱ्या दिवशी ताईच्या गॅलरीत दोरीवर होता. रविवारचा दिवस, सगळं गाव मुद्दाम त्या रस्त्यानं फिरायला आलं. ऊन असं कडक होतं, की सिस्टर लोकांनी जरा जास्तच मन लावून प्रार्थना केली होती, हे उघड होतं. जेवायच्या वेळेला सेर्वांदो केकचा खोका घेऊन आला. मी दार उघडलं. "भावोजी, आत या," मी म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. तो लाजला.

कालवण दोनदा वाढून घेऊन झालं, भांडी घासून झाली. जाताना तो गॅलरीकडे बघत घुटमळला.

"सूट नेऊ का?"

"राहू दे इथेच," ताई म्हणाली. तिनं कपाटात अर्धी जागा रिकामी करून ठेवलेली मी सकाळीच पाहिली होती. "ऑगस्टमध्ये मोसम सुरू होतोय. आणि हे बघ, यापुढे मी सांगेन तेव्हा पाणी मारायचं, आणि मी सांगेन तेवढंच."

सेर्वांदोनं मुकाट्यानं मान हलवली. लग्न झालेली माणसं हलवतात तशीच.